सेव्हिल लेनवरचा प्लॉट

"जमीन बघितल्याशिवाय मी ती कुणाला देणार नाही," सासूबाई म्हणाल्या, आणि माझ्या नवऱ्यानं, क्लिंटनं, सुरू केलेलं पिकअपचं इंजिन पुन्हा बंद केलं.

आम्ही गावाबाहेरच्या पेट्रोल पंपावर उभे होतो. आमच्या मागे एक फिकट लाल मोटार होती. तिच्यात फोर्ट स्मिथहून आलेलं तरुण जोडपं होतं, आणि मागच्या सीटवर त्यांचं बाळ. त्यांना घेऊन थेट गुरांच्या खाद्याच्या दुकानात जायचं, तिथल्या नोटरीबाईंसमोर सह्या करायच्या आणि सासूबाईंच्या मानेवरचा प्लॉट त्या दोघांच्या नावावर करून मोकळं व्हायचं, असा क्लिंटचा बेत होता. लेबर डेची सुट्टी जोडून आली होती. नोटरीबाई दुपारी दुकानाला कुलूप लावून लेकीकडे जाणार होत्या.

"आई, तू तरी बघितली आहेस का ती जमीन?"

"नाही. म्हणून तर म्हणते."

"सात वर्षांत एकदाही नाही?"

"दूध पिणाऱ्यानं गोठा बघितलाच पाहिजे असं थोडंच आहे? पण आता गाय दुसऱ्याच्या दारात बांधायची म्हटल्यावर गोठा दाखवायला नको?"

क्लिंटनं आरशातून माझ्याकडे बघितलं. मी हॅटीच्या मोज्यांमध्ये तिच्या पँटची टोकं खोचत होते. सप्टेंबरातलं जंगल म्हणजे मोहरीच्या दाण्याएवढ्या गोचिडी. दगडाखाली विसावलेले साप. हाताला लागला की आठवडाभर आग करणारा खाजरा वेल. चार वर्षांच्या मुलीला घेऊन तिथे शिरायची माझी मुळीच इच्छा नव्हती. तरीही मी गप्प राहिले, कारण मलासुद्धा ती जमीन बघायची होती. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून तिच्याबद्दल ऐकत होते. बिल बघितलं होतं, कार्ड बघितलं होतं. जमीन मात्र घरात कुणीच बघितलेली नव्हती.

मॉन्टेला तळं आमच्या गावापासून जवळच आहे. तळ्याच्या कडेला पहिल्या रांगेत मोठाली घरं, त्यांच्या दारात होड्या. त्यांच्या मागे चढत जाणारा सगळा डोंगर म्हणजे प्लॉट. पण ते फक्त नकाशावर. साठ-सत्तरच्या दशकात विक्रेते लोकांना शिकागोहून बसमध्ये घालून आणत. जमीन बघायला आलात एवढ्यासाठीच डुकराची एक अख्खी खारवलेली मांडी भेट देत, आणि संध्याकाळच्या आत डोंगराचा तुकडा गळ्यात मारत. पुढे ती माणसं म्हातारी झाली, कर भरेनाशी झाली. मग ते तुकडे कोर्टाच्या पायऱ्यांवर लिलावात येऊ लागले आणि बुटांच्या जोडाच्या किमतीत जाऊ लागले. घेणाऱ्याला जमिनीशी कर्तव्य नसे. ज्याच्या नावावर मॉन्टेलात तुकडा आहे, मग तो खडक असो की ओढा, त्याला कार्ड मिळतं. कार्ड असलं की फाटकाचा दांडा वर जातो. आत वाळूचा किनारा आहे, पोहायला स्वच्छ पाणी आहे आणि पाण्यात मध्यभागी लाकडी तराफा आहे. इतर गावांत लोक तिकीट काढतात, आमच्या गावात जमीन घेतात.

सासूबाईंचं नाव ओलेटा. गावातल्या शाळेच्या स्वयंपाकघरात त्यांनी उभा जन्म काढला. गुरुवारी राजम्याची तिखट उसळ आणि तिच्याबरोबर दालचिनीचा गोड रोल हा त्यांचा बेत. आज गावातला जो माणूस चाळिशीच्या आत आहे, तो त्यांच्या हातचा रोल खाऊन वाढला आहे. त्यांची आई मॉन्टेलाच्या विश्रामगृहात चादरींना इस्त्री करायची. तळं तेव्हा नवं होतं. आई कामावर असली की छोटी ओलेटा वाळत घातलेल्या चादरींच्या सावलीत बसायची आणि शहरातल्या पोरी तराफ्यावरून उड्या मारताना बघायची. बघायला मनाई नव्हती. पाण्यात पाय घातला तेव्हा मात्र एक बाई येऊन फार गोड आवाजात म्हणाली होती, बाळ, हे मालकांसाठी असतं.

पोहायला त्या एका झटक्यात शिकल्या, नदीवरच्या बुटक्या पुलाखाली, भावांच्या ढकलण्यानं. आणि निवृत्तीच्या उन्हाळ्यात कोर्टाच्या पायऱ्यांवर उभ्या राहून त्यांनी हात वर केला आणि मालक झाल्या.

तेव्हापासून उन्हाळ्यातली त्यांची एक सकाळ चुकली नाही. मी त्यांना पोहताना पहिल्यांदा बघितलं तेव्हा हसू आलं होतं, कारण कणकेत हात घालावेत तसे त्या पाण्यात हात घालतात, ठाम आणि बिनघाईचे. तराफ्यापर्यंत जायचं, शिडी धरून वर बसायचं, पाठीवर ऊन घ्यायचं, परत यायचं. परतल्यावर चेहऱ्यावर जे असायचं ते मी हॅटीच्या जन्मानंतर फक्त एकदा आरशात बघितलं आहे.

म्हणून तर हॅटीच्या पहिल्या वाढदिवसाला त्या म्हणाल्या होत्या, प्लॉटवर माझ्याबरोबर पोरीचंही नाव घालू या, म्हणजे तिला कुणी किनाऱ्यावरून उठवणार नाही. क्लिंटचे डोळे भरून आले होते. मीच मध्ये पडले. नाव घातल्यावर ते काढता कसं येतं, एवढंच मी विचारलं. त्याचं उत्तर कुणालाच माहीत नव्हतं. मग आम्ही ते शोधायला लागलो, आणि हळूहळू कळलं की उत्तरच नाही.

वार्षिक वर्गणी दर वर्षी वाढते. प्लॉटवर घर बांधता येत नाही, कारण खडकात सांडपाण्याचा खड्डा खणता येत नाही. तंबू ठोकायला बंदी. झाड तोडायला बंदी. विकत कुणी घेत नाही. तसाच परत घ्या म्हटलं तर तळ्याचा कारभार बघणारी असोसिएशन घेत नाही. सासूबाई एकदा स्वतः जाऊन आल्या. तिथल्या बाईंनी त्यांना कॉफी दिली आणि समजावलं, पाहुण्याला इथून निघता येतं ओलेटा, मालकाला नाही. तोच गोड आवाज, सासूबाई घरी येऊन म्हणाल्या, फक्त या खेपेला बाई वेगळी.

त्यामुळे आमच्या गावात मॉन्टेलाचे प्लॉट विषाणूसारखे फिरतात. चर्चच्या सोडतीत पहिलं बक्षीस म्हणून निघतात. पत्त्यांच्या डावात लावले जातात, आणि तिथे हरणारा हसत घरी जातो. लग्नाच्या आहेरात जाड पाकीट आलं तर आमच्याकडे उघडून बघितल्याशिवाय कुणी थँक यू म्हणत नाही. क्लिंटच्या एका चुलत्यानं मेव्हण्याला प्लॉट दिला, तेव्हापासून थँक्सगिव्हिंगला दोघं वेगवेगळ्या खोल्यांत जेवतात.

यंदा त्यात धरणाची भर पडली. तळ्याच्या बांधाला पाझर फुटला होता. दुरुस्तीचा खर्च प्लॉटमागे वाटला जाणार, जानेवारीत मागणी येणार. तळ्याकाठच्या मोठ्या घराला जेवढा वाटा, तेवढाच डोंगरातल्या खडकाला. सासूबाईंच्या पेन्शनीत घराचं गळकं छप्पर दुरुस्त होईल किंवा मॉन्टेलाचा बांध, दोन्ही नाही. क्लिंटनं जाहिरात टाकली, ‘तळ्याच्या सभासदत्वासह प्लॉट, फुकट.’ दुसऱ्याच दिवशी कोल्बी आणि शायनाचा फोन आला.

तर आज ही जमीन द्यायची होती. दिली की सासूबाई सुटल्या. नाही दिली तर जानेवारीचं बिल त्यांच्या नावावर, आणि त्यांच्यानंतर आमच्या उंबऱ्याशी.

फाटकातून न जाता आम्ही मागच्या बाजूनं, वनखात्याच्या कच्च्या रस्त्यानं वर चढलो. क्लिंटच्या फोनवरच्या नकाशात सेव्हिल लेन ठळक दिसत होती. प्रत्यक्षात कॉर्डोबा सर्कलपाशी रस्ता संपला आणि पुढे ओकची झाडं सुरू झाली. विक्रेत्यांनी सगळ्या रस्त्यांना स्पेनमधल्या गावांची नावं दिली होती. झाडांत एक हिरवी पाटी तिरकी उभी होती, सुतारपक्ष्यानं तिला भोकं पाडली होती. तिच्याजवळ, कमरेएवढ्या नेच्यांमध्ये, आगीच्या बंबाला पाणी पुरवणारा लाल नळखांब होता. जवळपास घर नाही, वीज नाही, जमिनीखाली नळही नसणार. हॅटीनं त्याला मिठी मारली. मी तिचे हात पुसले.

"हे कुणासाठी?" शायनानं विचारलं. विशीतली असेल. बाळाला तिनं छातीशी झोळीत बांधलं होतं आणि पायात साध्या रबरी चपला घातल्या होत्या. तिच्या घोट्यांकडे माझं लक्ष पुन्हा पुन्हा जात होतं. शेवटी मी माझ्या पिशवीतले जादा मोजे तिला दिले. ती जरा संकोचली, पण तिनं ते घातले.

"शिकागोच्या माणसांसाठी," सासूबाई म्हणाल्या. "आपल्याला शेकोटी लागलीच तर बादलीनं विझवू."

पुढचा चढ हातापायांनी चढावा लागला. शाळेच्या स्वयंपाकघरातले न घसरणारे काळे बूट सासूबाईंनी पायात घातले होते. वाटेतली रोपटी धरत, थांबत, पण त्या सगळ्यांच्या पुढे चालल्या होत्या. क्लिंट फोन आडवा-उभा धरून दिशा सांगत होता. कोल्बी रांगडा, उमदा पोरगा. गॅसच्या पाइपलाइनवर जोडारी करायचा. त्यानं हॅटीला खांद्यावर घेतलं तेव्हा मला बरं वाटलं आणि भीतीही वाटली. शेवटी क्लिंट म्हणाला, "इथेच." पाचोळा बुटानं बाजूला केल्यावर हद्दीच्या लोखंडी सळीचं गंजलेलं टोक दिसलं. त्याला बांधलेल्या गुलाबी फितीचा एक धागा उरला होता.

ती जमीन नव्हतीच. तो उतार होता. सरळ उभं राहायचं तर एक पाय वर आणि एक पाय खाली ठेवावा लागे. दगड, ओक आणि हिकरीची झाडं, शेवाळ. मध्येच स्वयंपाकघरातल्या टेबलाएवढी सपाट शिळा होती, तेवढाच काय तो टेकायला आधार. सासूबाई तिच्यापर्यंत गेल्या, तळहात ठेवून बघितला. तवा तापला का ते बघतात ना, तसा.

"ही माझी?"

"हो, आई."

"आणि हे झाड?"

"तेही. पण तोडायचं नाही."

"तोडायचंय कुणाला," असं म्हणून त्या शिळेवर बसल्या. पिशवीतून त्यांनी फडक्यात गुंडाळलेले रोल काढले, सकाळी भाजलेले. एकेक सगळ्यांना दिला. मग त्या बराच वेळ इकडेतिकडे बघत राहिल्या. मला वाटलं होतं त्या हिरमुसतील. पण नव्या सुनेच्या माहेरी आल्यासारख्या त्या सगळं न्याहाळत होत्या. हिकरीची एक बी त्यांनी उचलली, दाताखाली धरून बघितली आणि हॅटीला दिली. मी ती हॅटीकडून काढून घेतली.

क्लिंटनं घड्याळाकडे बघून घसा खाकरला. नोटरीबाईंची आठवण त्यानं शब्दांनी करून दिली नाही.

सासूबाई कोल्बीला म्हणाल्या, "ही बघ बाबा जमीन. इथे घर होणार नाही. तंबू लावता येणार नाही. वर्गणी दर वर्षी येईल, आणि ती खाली कधी येत नाही. जानेवारीत धरणाचं वेगळं येईल. असोसिएशन परत घेणार नाही. जे आहे ते हे असं आहे."

क्लिंटचा चेहरा पडला. पण कोल्बी हसला.

"मिस ओलेटा, आम्हाला इथे कुठे राहायचंय? जमिनीचं काय करायचंय? कार्ड मिळालं की झालं."

सासूबाईंनी रोलचा घास थांबवला. सात वर्षांपूर्वी कोर्टाच्या पायऱ्यांवर त्या कारकुनाला हेच म्हणाल्या होत्या. क्लिंट ही गोष्ट जेवणाच्या टेबलावर नक्कल करून सांगतो.

मग शायनानं विचारलं, बाळाला किनाऱ्यावर वयाची अट आहे का. सासूबाई म्हणाल्या, नाही. पाणी उथळ आहे का. दोरीपर्यंत उथळ. सावली आहे का. एक मोठं सिकामोरचं झाड आहे, सकाळी त्याच्याखाली जागा मिळते. शायना सांगत होती की त्यांच्या भाड्याच्या इमारतीत एक पोहण्याचा तलाव होता, मालकानं तो मातीनं बुजवून वर मोटारी लावल्या. बाळाला उकाडा सोसत नाही, रात्रभर रडतं, म्हणून तिनंच कोल्बीच्या मागे लागून फोन करायला लावला. तिचं बोलणं मी ऐकत होते आणि माझ्याच तोंडून येतंय असं वाटत होतं.

"तुम्ही नाही का पोहलात सात वर्षं?" कोल्बी म्हणाला.

"पोहले."

"मग? पस्तावलात?"

सासूबाईंना खोटं बोलता येत नाही. शाळेत भाजी करपली तर त्या खिडकीतून पोरांना आधीच सांगायच्या. त्या म्हणाल्या, "एकही दिवस नाही."

"मग झालं तर."

वाऱ्यानं पानं हलली. क्लिंटनं खिशातून कागद काढले नाहीत, पण खिशावर हात ठेवला. आता फक्त उतरायचं होतं.

"हे बाळ शाळेत जाईल तेव्हा तुम्ही कुठे असाल?" सासूबाईंनी विचारलं.

कोल्बी म्हणाला, पाइपलाइन नेईल तिकडे. पुढच्या वर्षी बहुतेक ओक्लाहोमा, मग टेक्सास.

"जमीन तुमच्याबरोबर येणार नाही. बिल येईल."

"मग देऊन टाकू कुणाला तरी."

"कुणाला?"

कोल्बीनं खांदे उडवले. शायना बाळाला थोपटत हसत म्हणाली, "माझ्या सासूला. वाढदिवसाला."

सगळेच हसलो. कोल्बी तर पोट धरून हसला, क्लिंटही. सासूबाई हसल्या आणि मग त्यांचं हसू थांबलं. बाकीचे हसत असतानाच थांबलं. त्या शायनाकडे बघत राहिल्या, मग तिच्या पायातल्या माझ्या मोज्यांकडे.

"चला, उतरू या," त्या म्हणाल्या. "पोहायचे कपडे आणलेत का?"

शायना म्हणाली, गाडीत आहेत, सह्या झाल्यावर बघू म्हणून आणले होते.

"सह्या राहू दे. आज माझे पाहुणे व्हा."

"आई," क्लिंट म्हणाला.

"पाहुण्याला इथून निघता येतं," सासूबाई म्हणाल्या आणि उतरायला लागल्या.

फाटकावर पहारेकरी रॉयस होता. शाळेत सासूबाईंकडून जादा रोल मागून घेणाऱ्यांतला एक, आता चाळिशीला टेकलेला. मालकाला उन्हाळ्याला मोजक्याच पाहुण्यांसाठी मनगटाच्या पट्ट्या मिळतात. हॅटीच्या वाढदिवसाला तिच्या मैत्रिणींना आणायचं म्हणून सासूबाईंनी त्या जपून ठेवल्या होत्या. त्यांनी त्या शायनाच्या, कोल्बीच्या आणि बाळाच्या मनगटावर बांधल्या. बाळाला ती सैल झाली, म्हणून दंडावर चढवली.

क्लिंट आत आला नाही. पिकअपमध्ये खिडकी खाली करून बसून राहिला.

मी सिकामोरखाली चादर पसरली आणि हॅटीला गुडघाभर पाण्यात धरून उभी राहिले. मी पाण्याशेजारी असले की मान हॅटीकडेच वळलेली असते. तरी त्या दिवशी मी सगळं बघितलं. शायनानं बाळाचे पाय पाण्यात बुडवले तेव्हा ते दचकलं आणि मग रडायचं विसरून गेलं. कोल्बी लहान मुलासारखा डुंबत होता. आणि सासूबाई, निळी रबरी टोपी घालून, कणीक तिंबत तराफ्याकडे निघाल्या होत्या. शिडी धरून त्या वर बसल्या. पाठ आमच्याकडे होती. नेहमीपेक्षा जास्त वेळ बसल्या.

दुपारी शायनानं माझे मोजे झटकून, घडी घालून परत दिले. ती सासूबाईंना काहीतरी बोलली, मला ऐकू आलं नाही. कोल्बी जरा घुश्शात होता. म्हणाला, जाहिरातीत फुकट लिहायचं आणि मग द्यायचं नाही, ही कुठली रीत. सासूबाई म्हणाल्या, चूक माझीच, आणि उरलेले रोल फडक्यासकट त्याच्या हातात दिले. लाल मोटार फाटकाबाहेर गेली. दांडा खाली आला.

घरी येताना पिकअपमध्ये हॅटी झोपली होती, मी तिच्या केसांत गोचिडी शोधत होते. गाव जवळ आलं तेव्हा क्लिंट म्हणाला, "त्यांना हवी होती, आई. तू सगळं खरं सांगितलंस, तरी हवी होती. मग तुझ्या अंगावर पाप कसलं?"

"पाप नाही म्हणत मी."

"मग?"

"ती पोरगी सासूला देईन म्हणाली." त्या खिडकीबाहेर बघत होत्या. "थट्टेत म्हणाली. मला टेसा आठवली. नाव काढता कसं येतं, हे टेसानं आधी विचारलं होतं, त्या पोरीला सुचलं नाही."

टेसा म्हणजे मी. मी हॅटीच्या केसांतून हात काढला नाही.

"आता पुढे काय?"

"पुढे काही नाही. जानेवारीचं मी भरणार नाही. कार्ड बंद करतील, करू देत. छप्पर होईल. बिलं येत राहतील, ती माझ्या नावानं येतील. तू विचारलेला वकील म्हणाला ना, मी गेल्यावर तुला हा वारसा नको म्हणता येतं? मग तू नको म्हण. आधी नको म्हणायचं, मग रडायचं. क्रम चुकवू नकोस."

क्लिंटनं गाडी हळू केली. दुसऱ्या दिवशी त्यानं जाहिरात काढून टाकली, हे मी बघितलं.

कार्ड फेब्रुवारीत बंद झालं. सासूबाईंनी ते फेकलं नाही. केकच्या भांड्याला चिकटलेला चुरा खरवडायला ते बरं पडतं म्हणाल्या. त्याच महिन्यात मॉन्टेलानं बांध दुरुस्त करायला तळं रिकामं केलं.

मार्चच्या सुरुवातीला, पालवी फुटायच्या आधी, त्या म्हणाल्या, जरा माझ्या जमिनीवर जाऊन येऊ. क्लिंट कामावर होता. मी हॅटीला दुहेरी मोजे घातले. सुतारपक्ष्याची पाटी, लाल नळखांब. चढ तोच होता, पण झाडं उघडी होती आणि सगळं लांबवर दिसत होतं. सासूबाईंनी घडीची खुर्ची आणली होती. शिळेच्या एका कडेला तिचे चार पाय कसेबसे मावले. त्या बसल्या, खांद्यावर पोहायचा टॉवेल होता, थंडीचा म्हणून.

आणि तिथून तळं दिसत होतं. उन्हाळ्यात पानांआड होतं ते सगळं. पाणी नव्हतं. मोठ्या घरांच्या होड्या चिखलावर कलंडलेल्या होत्या, पायऱ्या हवेत संपत होत्या. मध्यभागी तराफा. खाली साखळी, आणि साखळीच्या टोकाला काहीतरी चौकोनी, पांढरं.

सासूबाई पुढे झुकल्या. "टेसा, तुझे डोळे चांगले आहेत. ते काय आहे बघ."

मी बराच वेळ बघितलं. ओव्हन होता. जुन्या काळचा, मोठा, स्वयंपाकघरातला असतो तसा, दार नसलेला. तराफा वाहून जाऊ नये म्हणून त्यालाच बांधला होता.

"ओव्हन," मी म्हणाले.

"खरंच?"

"विश्रामगृहातला असेल."

त्या हसल्या. आधी थोडं, मग पोटातून. डोळे पुसायला टॉवेल वापरला. हॅटीनं आजीला विचारलं, मॅमॉ, तू आता कुठे पोहणार? त्या म्हणाल्या, नदीवर, पुलाखाली, आणि तुलाही नेणार. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, तुझी आई दोरी धरून उभी राहील.

मी मनातल्या मनात पुलाखालचं पाणी किती खोल असेल याचा अंदाज घेत होते.

ऊन सरकलं. हॅटीला गार शिळेवर बसायचं होतं, म्हणून सासूबाईंनी खांद्यावरचा टॉवेल काढला, दुहेरी केला आणि तिच्याखाली घातला. मग बिनटॉवेलाच्या, हात मांडीवर ठेवून, त्या रिकाम्या तळ्यातल्या त्या ओव्हनकडे बघत बसल्या, आत काही भाजायला ठेवलंय आणि अजून वेळ आहे अशा.